धरलेल्या कंबरेचा इतिहास

मराठीत डोकं दुखतं, पोट दुखतं. कंबर मात्र 'धरते'. कुणीतरी मागून येऊन पकडावं तशी. उसण भरते, चमक निघते, शीर आखडते. आणि ती कळ कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत, तिथून घोट्यापर्यंत विजेसारखी उतरू लागली, की डॉक्टर तिला 'सायटिका' म्हणतात. डहाणूतले आमचे गुजराती बोलणारे शेजारी 'रांझण' म्हणत. आयुर्वेदात तिला 'गृध्रसी' असं नाव आहे. गृध्र म्हणजे गिधाड. हा रोग झालेला माणूस गिधाडासारखा एका अंगावर कलत, लंगडत चालतो, म्हणून. माझी नानी तिला 'इर्कुन्निसा' म्हणे. 'निसा' म्हणजे बायका, एवढं उर्दू मला लहानपणी येत होतं. त्यामुळे हा फक्त बायकांना होणारा रोग असावा, अशी माझी समजूत होती. पुढे तो अब्बांना झाला आणि समजूत गेली. अरबीत 'नसा' हे त्या शिरेचंच नाव आहे, हे फार नंतर कळलं.

अब्बा डहाणूत गवताच्या वखारीत होते. डहाणू-तलासरीच्या माळांवरचं गवत दसरा-दिवाळीच्या सुमारास कापायचं, दाबून त्याच्या गाठी बांधायच्या आणि मुंबईच्या तबेल्यांना पाठवायच्या, हा आमच्याकडचा जुना धंदा. या गवताला एक इतिहास आहे आणि तो कंबरेच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

१९४५ साली गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांनी इथल्या वारल्यांना संघटित केलं. तलासरीजवळच्या झरी गावात त्या वर्षी मे महिन्यात सभा झाली आणि वेठबिगार करायची नाही असं ठरलं. मग आला गवतकापणीचा हंगाम. मागणी होती पाचशे रत्तल गवत कापायला अडीच रुपये. पाचशे रत्तल म्हणजे आजचे सव्वादोनशे किलो. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. पाच जण मेले, त्यांत जेठ्या गांगड होता. 'जेव्हा माणूस जागा होतो' या गोदावरीबाईंच्या पुस्तकामुळे हे सगळं मराठी वाचकांना ठाऊक आहे. पण ते पाचशे रत्तल कापायला माणूस किती वेळ वाकलेला असतो, हे आम्हा इतिहास वाचणाऱ्यांच्या डोक्यात सहसा येत नाही. आषाढात भाताची लावणी वाकून, कार्तिकात गवत आणि भात वाकून, दिवाळीनंतर वीटभट्टीवर वाकून. आमच्या तालुक्यांत कंबर हा शरीराचा अवयव नंतर. आधी ते कमाईचं साधन आहे.

अशा ठिकाणी कंबरेचे उपायही जुनेच असणार. पहिला मान पायाळू माणसाचा. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने पाठीला पाय लावला की उसण उतरते, अशी समजूत महाराष्ट्रभर आहे. आमच्या आळीत असा एक पायाळू मुलगा होता. माझ्याच वयाचा. त्याला दर पावसाळ्यात लोक घरातून बोलावून नेत, आणि तो मोठ्या माणसांच्या पाठीवर रुबाबात लाथा मारून येई. आम्हाला त्याचा फार हेवा वाटे.

दुसरा उपाय डाग देण्याचा. तापवलेल्या लोखंडाने कंबरेवर किंवा पायाच्या शिरेवर चटका. याला आपण अडाणीपणा म्हणून मोकळे होतो. पण अडाणी म्हणायचं तर फार मोठी माणसं त्या रांगेत येतील. चरकसंहितेत गृध्रसीवर शिरावेध, बस्ती आणि अग्निकर्म सांगितलं आहे. अग्निकर्म म्हणजे डागणंच. हजार वर्षांपूर्वी स्पेनमध्ये कोर्दोव्याजवळ राहणाऱ्या अल-जहरावी या शल्यविशारदाने आपल्या तीस भागांच्या ग्रंथात या दुखण्यासाठी कुठे आणि कसा डाग द्यावा, हे लिहून ठेवलं. त्याच्याही आधी ग्रीक वैद्य हेच करत. रक्त काढण्याचा हिजामा युनानी हकिमांकडे होता, तसा आजही आहे. डहाणूचा भगत आणि कोर्दोव्याचा हकीम एकमेकांना कधी भेटले नाहीत. दोघांच्या हातात तेच तापलेलं लोखंड होतं.

आता प्रश्न असा, की इतकी शतकं इतक्या शहाण्या माणसांना हे उपाय लागू पडतात असं का वाटलं? सगळेच फसवे होते काय? मुळीच नाही. सायटिका बहुतेक वेळा आपोआप कमी होते. सहा ते बारा आठवड्यांत बहुतेकांची कळ उतरते. माणूस दहा दिवस सोसतो, मग तेल लावतो, मग पायाळूला बोलावतो, मग डाग घेतो. आणि जो उपाय सगळ्यात शेवटी केलेला असतो, त्याच्या पदरात श्रेय पडतं. ही गोष्ट लोखंडाच्या चटक्याला लागू आहे तशी ती गोळीला, इंजेक्शनला, पट्ट्याला आणि कधीकधी ऑपरेशनलाही लागू आहे.

ही कळ सांध्यातून नव्हे, मज्जातंतूतून येते, हे १७६४ मध्ये नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो या वैद्याने लिहिलं. पण तंतू दुखावतो कशाने, हे कळायला १९३४ साल उजाडावं लागलं. बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन शल्यविशारदांनी दाखवून दिलं, की दोन मणक्यांमधली गादी फुटून तिचा गर बाहेर येतो आणि तंतूवर दाब पडतो. तो तुकडा काढला की कळ जाते. वैद्यकातला हा खरोखर मोठा शोध. त्याचा एक परिणाम असा झाला, की कंबरदुखी म्हणजे यंत्रातला बिघाड, हे सर्वांच्या मनात पक्कं बसलं. पुर्जा सरकला आहे. एक तर तो काढा, नाहीतर यंत्र हलवू नका.

अब्बांचं यंत्र १९७९च्या हिवाळ्यात असंच थांबवलं गेलं. डॉक्टर भला माणूस होता आणि त्या काळी साऱ्या जगात हाच सल्ला दिला जाई: फळीवर झोपा, उठू नका. अब्बा तीन महिने फळीवर होते. पलंगाच्या पायथ्याला एक कप्पी बसवली, पायाला पट्टा बांधला आणि पट्ट्याच्या दोरीला दोन विटा लटकवल्या. 'वजन लावणे' असं त्याला म्हणत. त्या विटा हलू नयेत म्हणून आम्ही भावंडं खोलीत दबकत चालायचो. कळ गेली, हे खरं. पण अब्बा उठले तेव्हा त्यांच्या मांड्या काठीसारख्या झाल्या होत्या. वखारीतली जागा गेली होती. नंतर ते दुकानात हिशेब लिहायला बसू लागले, आणि गाठी चढवणारा माणूस म्हणून त्यांचा जो एक दरारा होता, तो पुन्हा कधी दिसला नाही.

या सल्ल्याची रीतसर परीक्षा वीस वर्षांनी झाली. १९९९ साली नेदरलंड्समध्ये सायटिकाच्या १८३ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला दोन आठवडे अंथरुणात ठेवलं, दुसऱ्याला जमेल तसं हिंडूफिरू दिलं. बारा आठवड्यांनी दोन्हीकडचे ८७ टक्के लोक सुधारले होते. अंथरुणाचा काहीच उपयोग नव्हता. मी ही माहिती वाचली तेव्हा अब्बा हयात नव्हते. त्यांना सांगितली असती की नाही, मला खात्री नाही.

माझी पाळी आली ती चाळिशीत. गाडीत चढताना कळ निघाली आणि डाव्या पायातून थेट करंगळीपर्यंत गेली. एका मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात एमआरआय काढला. फोटोत गादी बाहेर आलेली स्वच्छ दिसत होती. पुढच्या मंगळवारी ऑपरेशन करून टाकू, नाहीतर पाय जाईल, असं मला सांगण्यात आलं. पायाची ताकद कुणी तपासली नव्हती. फोटो तपासला होता.

श्रोतेहो, या फोटोविषयी एक गोष्ट माहीत असावी. १९९४ साली अमेरिकेत पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले. ज्यांच्या सगळ्या गाद्या ठीकठाक होत्या असे निघाले फक्त ३६ टक्के. म्हणजे फोटोत दिसणारा फुगवटा हा पुष्कळदा पिकलेल्या केसांसारखा असतो. आणि बाहेर आलेला गर कायम तिथे राहतो असंही नाही. शरीरातल्या पेशी तो हळूहळू खाऊन टाकतात.

मग ऑपरेशन निरुपयोगी आहे का? तसंही नाही. नॉर्वेच्या वेबर या डॉक्टरने १९८३ मध्ये दहा वर्षांचा हिशेब मांडला. एका वर्षाने ऑपरेशनवाले पुढे होते. चार वर्षांनी फरक उरला नव्हता. २००७ मध्ये नेदरलंड्सच्याच दुसऱ्या अभ्यासात, लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ लवकर गेली. वर्षअखेर दोन्ही गटांतले ९५ टक्के बरे झाले होते. थांबलेल्या गटातल्या ३९ टक्क्यांना शेवटी ऑपरेशन करावंच लागलं, हेही सांगितलं पाहिजे. म्हणजे ऑपरेशन वेळ वाचवतं. कळ असह्य असेल तर वेळेला किंमत आहेच. पण ते ठरवायला बहुधा सवड असते. पुढच्या मंगळवारची घाई नसते.

मी मंगळवारी गेलो नाही. दुसऱ्या एका वयस्कर डॉक्टरांनी मला झोपवून पाय सरळ वर उचलला, टाचांवर आणि चवड्यांवर चालवलं, सुईने पाऊल टोचून पाहिलं आणि म्हणाले, "ताकद शाबूत आहे. चालत राहा." त्यानंतरचे दोन महिने काही सुखाचे गेले नाहीत. सकाळी दहा पावलं, मग विजेच्या खांबापर्यंत, मग समुद्रापर्यंत. शेक घेतला. दुखण्याच्या गोळ्या थोडे दिवस, तेही जेवून. रिकाम्या पोटी त्या जठर जाळतात आणि फार दिवस घेतल्या तर मूत्रपिंडाला त्रास देतात. अलीकडे तंतूंच्या दुखण्यासाठी म्हणून प्रीगाबालिन सर्रास देतात. २०१७ मधल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत सायटिकावर त्याचा नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा जास्त उपयोग दिसला नाही, चक्कर मात्र येत राहिली. मणक्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन काहींना काही आठवड्यांची उसंत देतं.

व्यायामांपैकी मला मानवला तो पालथं पडून कोपरांवर छाती उचलण्याचा. त्याची कथा गमतीची आहे. न्यूझीलंडचे रॉबिन मॅकेंझी सांगत, की १९५६ साली त्यांचा एक रुग्ण चुकून, डोक्याकडची बाजू वर उचललेल्या बाकावर पालथा पडून राहिला, आणि पाच मिनिटांनी त्याची पायातली कळ गेली होती. कळ पायातून वर कंबरेकडे सरकू लागली तर व्यायाम बरोबर, खाली उतरू लागली तर थांबायचं, एवढी खूण धरायची. हा व्यायाम सगळ्यांनाच मानवतो असं नाही. काहींना पुढे वाकण्याचे बरे पडतात. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी जो सल्ला दिला, त्यात व्यायाम आणि नीट समजावून सांगणं याला पसंती आहे. कंबरपट्टा आणि वजन लावणं, दोन्ही नको म्हटलं आहे. अब्बांच्या विटा अशा रीतीने अधिकृतपणे खाली उतरल्या.

मात्र थांबण्याचा सल्ला देणाऱ्याने कुठे थांबायचं नाही, हेही सांगायला हवं. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसताना जो भाग टेकतो तो बधिर झाला, दोन्ही पायांतलं बळ जाऊ लागलं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी रात्री, मोठं इस्पितळ गाठायचं. तिथे तासांचा हिशेब असतो. पाऊल लटकं पडून चप्पल नकळत निसटू लागली तरी उशीर करू नये. आणि संध्याकाळचा ताप, वजन घटणं, रात्री झोपेतही ठणकणारी पाठ, ही सायटिका नसून मणक्याचा क्षय असू शकतो. लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. आमच्याकडे तो अजूनही भेटतो. अब्बांबरोबर गाठी उचलणारा एक वारली माणूस माझ्या आठवणीत आहे. पाठीवर डागांच्या तीन ओळी होत्या. वर्षभर तो कंबर धरली म्हणून डाग घेत राहिला. शेवटी पाठीला कुबड आलं आणि पाय गेले. क्षयाची औषधं आता सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. तेव्हा त्याचं निदानच झालं नाही.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी, पुन्हा थोडी कळ आली म्हणून मी दवाखान्यात बसलो होतो. शेजारी तलासरीकडची एक बाई होती, पस्तिशीची असेल. फिजिओथेरपिस्ट मुलगी तिला समजावत होती: सहा आठवडे ओझं उचलायचं नाही. बाईने शांतपणे विचारलं, मग उचल कशी फेडायची? भट्टीवाल्याकडून गणपतीत पैसे आगाऊ घेतलेले होते. आमच्या भाषेत त्यालाही उचलच म्हणतात. ती मुलगी क्षणभर गप्प झाली. नंतर तिने कोपऱ्यातली एक पेटी ओढली, गुडघे वाकवून, पेटी छातीशी धरून उचलून दाखवली, आणि विटा एका खेपेला कमी घ्यायला सांगितल्या. भट्टीवर मजुरी हजार विटांवर मिळते, असं बाई म्हणाली. तरी तिने पेटी उचलून पाहिली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर उचलली. मग जमिनीवर पालथी पडून कोपरांवर छाती उचलायला शिकली. पदर सावरत, आम्हा सगळ्यांकडे पाहून हसत. तिचा ट्रक दिवाळीनंतर पाच दिवसांनी सुटणार होता.