आल्टरनेटर बदलताना ब्रेकचेही भान हवे

बॅटरी वारंवार उतरू लागली, दिवे मंदावले किंवा डॅशबोर्डवरील बॅटरीचे तांबडे चिन्ह विझेना, की मालवाहू गाडीचे मालक प्रथम नवी बॅटरी घेतात. प्रत्यक्षात बॅटरीचे मुख्य काम इंजिन सुरू करण्याचे. त्यानंतर गाडीला वीज पुरवून बॅटरी पुन्हा भरतो तो आल्टरनेटर. बोलीभाषेत त्याला डायनामोही म्हणतात. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या या यंत्रातील प्रत्यावर्ती प्रवाहाचे डायोड एकदिश प्रवाहात रूपांतर करतात आणि रेग्युलेटर व्होल्टेज मर्यादेत ठेवतो.

आधी तपासणी

पिकअप, टेम्पोत बहुधा १२ व्होल्टची, तर मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्टची यंत्रणा असते. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी इंजिन बंद असताना मल्टिमीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू होताच हा आकडा साधारण १३.८ ते १४.५ व्हायला हवा. २४ व्होल्टच्या यंत्रणेत त्याच्या दुप्पट. तो वाढला नाही, तर सैल पट्टा, गंजलेली टर्मिनल आणि फ्यूज आधी पाहावेत. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून पाहण्याची पद्धत घातक आहे. व्होल्टेज एकाएकी उसळून डायोड जळू शकतात.

बदलण्याचा क्रम

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, इंजिन थंड होऊ द्यावे. सर्वप्रथम बॅटरीची ऋण तार काढावी. आल्टरनेटरच्या जाड तारेत इंजिन बंद असतानाही वीज असते. पाना गाडीच्या सांगाड्याला टेकला तर ठिणग्या उडतात. तारांची छायाचित्रे घेऊन त्या सोडवाव्यात, पट्टा सैल करून बोल्ट काढावेत. नव्या आल्टरनेटरचे व्होल्ट, अँपिअर आणि पुलीचे खाचे जुन्याशी ताडून पाहावेत. जोडणीत ऋण तार सर्वांत शेवटी लावावी.

ब्रेकशी असलेले नाते

डिझेल इंजिनात ब्रेक बूस्टरला पुरेल इतकी निर्वात पोकळी आपोआप तयार होत नाही. त्यासाठी अनेक डिझेल पिकअप आणि टेम्पोंमध्ये आल्टरनेटरच्या मागेच व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो. त्याला इंजिनातून तेल पुरवणारी नळी व बूस्टरकडे जाणारी नळी नीट बसली नाही, तर बॅटरी उत्तम चार्ज होईल. मात्र ब्रेक दगडासारखा कठीण लागेल. (एअर ब्रेकच्या मोठ्या ट्रकना स्वतंत्र कॉम्प्रेसर असतो.)

म्हणून काम संपल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल कठीण होईपर्यंत अनेकदा दाबावे. ते दाबून धरूनच इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले, तर बूस्टरला पोकळी मिळत आहे. तसे न झाल्यास किंवा नळ्यांतून तेल झिरपत असल्यास गाडी रस्त्यावर न आणता मेकॅनिकला घरी बोलावणेच श्रेयस्कर.