इयागोचे विश्वासू

शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’ शिकवताना वर्गात एक प्रश्न हमखास येतो : एका रुमालावरून पत्नीचा जीव घेणारा हा सेनापती इतका भोळा कसा? देवलांच्या ‘झुंझारराव’मुळे (१८९०) मराठी वाचकालाही हा प्रश्न परका नाही. थॉमस रायमरने तर तो १६९३ सालीच विचारला होता. रुमालासारख्या क्षुल्लक वस्तूवर उभी राहिलेली ही शोकांतिका त्याला प्रहसन वाटली. व्हेनिसने एका कृष्णवर्णीयाला सेनापती करावे, हेही त्याला पटले नव्हते.

सगळेच असे हसले नाहीत. १६१० साली ऑक्सफर्डला प्रयोग पाहिलेल्या हेन्री जॅक्सनने आपल्या लॅटिन पत्रात लिहिले, की शय्येवर मृतावस्थेत पडलेली डेस्डेमोना केवळ चेहऱ्याने प्रेक्षकांची करुणा मागत होती. १७६५च्या आवृत्तीत डॉ. जॉन्सनने तर हा प्रवेश असह्य असल्याचे नोंदवून, त्याचे संपादन एकदाचे संपले म्हणून सुटकेचा श्वास टाकला. पुढे कोलरिजला इयागोच्या दुष्टपणामागे पुरेसे कारणच सापडेना. ब्रॅडलीने (१९०४) ऑथेल्लोचे औदार्य उचलून धरले, तर लीविसने (१९३७) नेमके उलटे सांगितले : इयागोने फक्त ठिणगी टाकली, दारू ऑथेल्लोच्या आत्मगौरवात आधीच भरलेली होती.

दोष कोणाचा, याचीच ही सारी चर्चा आहे. वाचक स्वतः कोठे उभा असतो, हे मात्र तीत फारसे येत नाही. इयागो आपला बेत पहिल्या अंकापासून स्वगतांतून आपल्याला सांगत असतो. रंगमंचावरील कोणालाही जे ठाऊक नाही, ते आपल्याला ठाऊक असते. म्हणून ऑथेल्लो मूर्ख वाटतो. ती स्वगते वगळून नाटक वाचून पाहावे. मग उरतो एक अनुभवी सैनिक, ज्याला सगळेच ‘प्रामाणिक’ म्हणतात. पद गेल्यावर कॅसिओ सल्ला मागतो तो त्यालाच. नवऱ्याने अपमान केल्यावर डेस्डेमोना मदतीसाठी येते तीही त्याच्याचकडे. रुमाल त्याच्या हाती देणाऱ्या पत्नीला, एमिलियालाही, शेवटच्या प्रवेशापर्यंत त्याचा खरा चेहरा कळत नाही. ऑथेल्लो मूर्ख असेल तर ही सगळीच माणसे मूर्ख ठरतात.

तेव्हा ‘मी फसलो नसतो’ ही आपली खात्री इयागोनेच आपल्याला दिलेली आहे. त्याने आपल्याला विश्वासात घेतले, आणि त्याच्या बुद्धिचातुर्याचे कौतुक करत आपण ते स्वीकारले. शेवटी पकडला गेल्यावर तो यापुढे एक शब्दही बोलणार नाही असे सांगतो. जे सांगायचे ते त्याने आपल्याला आधीच सांगितलेले असते, आणि आपण ते कोणाला सांगू शकलेलो नसतो. जॉन्सनला न सोसवलेले ते बहुधा हेच असावे. पुढच्या वेळी वर्गात तो प्रश्न आला, की आधी हे विचारावेसे वाटते : इयागो बोलत असताना तुम्ही कोणाच्या बाजूला बसला होता?