संगणक गप्प का बसतो?

रोजच्या वापरातल्या वस्तूंचा इतिहास आपण या मालिकेत बघतो आहोत. आजची वस्तू सहसा दिसत नाही, ऐकू येते; आणि ऐकू येईनाशी झाली की मगच तिची आठवण होते. ही वस्तू म्हणजे संगणकाच्या आत बसवलेला स्पीकर.

लॅपटॉपचा आवाज बंद झाला की आपण पहिलं काय म्हणतो? ‘स्पीकर गेला.’ इंदूर असो, बडोदा असो की हैदराबाद, वाक्य तेच. माझं म्हणणं असं की हे वाक्य १९८१ सालचं आहे. तेव्हा ते बरंचसं खरं असायचं. आज मात्र स्पीकर शाबूत असतो आणि तरीही आवाज येत नाही. असं का होतं, ते समजायचं तर मधली चाळीसेक वर्षं बघावी लागतात.

ऑगस्ट १९८१मध्ये आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला. त्याच्या पेटीत सव्वादोन इंचांचा एक साधा स्पीकर होता आणि त्याला चालवायला इंटेलची ८२५३ ही टायमर चिप. या चिपला सेकंदाला सुमारे ११ लाख ९३ हजार ठोके मिळायचे. त्यांना ११९३ने भागलं की सेकंदाला साधारण हजार ठोके उरायचे आणि आपल्याला ‘बीप’ ऐकू यायचं. भाजक बदला, सूर बदलतो. बस, एवढीच यंत्रणा. ड्रायव्हर नाही, म्यूटचं बटण नाही.

हा स्पीकर मुख्यतः गाण्यासाठी नव्हताच, तो तक्रार सांगण्यासाठी होता. पडद्यावर काहीच दिसत नसेल तर यंत्राने आपलं दुखणं सांगायचं कसं? म्हणून संगणक सुरू होताना स्वतःची तपासणी करायचा. एक छोटा बीप म्हणजे सगळं ठीक. एक लांब आणि दोन छोटे म्हणजे पडद्याच्या कार्डात बिघाड. आणि काहीच आवाज आला नाही, तर वीजपुरवठा किंवा मुख्य बोर्ड तपासा. म्हणजे त्या काळी शांतता हेही एक निदान होतं.

पुढची पायरी १९८९ची. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने, म्हणजे सिम वाँग हू यांच्या कंपनीने, साउंड ब्लास्टर हे कार्ड आणलं. आता संगणकावर माणसाचा आवाज आणि संगीत नीट वाजू लागलं. पण कार्ड वेगळं आलं, म्हणून त्याला पत्ताही वेगळा द्यावा लागला. कार्डाचा पत्ता २२०, इंटरप्ट ७, डीएमए १ असे आकडे असायचे. हेच आकडे गेम सुरू करताना सांगावे लागत. गंमत म्हणजे तोच ७ क्रमांक प्रिंटरच्या पोर्टलाही दिलेला असे. दोघांची टक्कर झाली की आवाज अडखळायचा नाहीतर यायचाच नाही. मग कार्डावरचा जंपर काढून ५ वर लावायचा. स्पीकर चांगला, कार्ड चांगलं, वायर चांगली. भांडण फक्त आकड्यांचं. ‘स्पीकर गेला’ हे वाक्य इथे पहिल्यांदा चुकायला लागलं.

१९९७च्या सुमाराला इंटेलचं एसी-९७ हे मानक आलं आणि आवाजाची चिप हळूहळू मदरबोर्डवरच बसू लागली. वेगळ्या कार्डाचा खर्च वाचला. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस, बंगळुरूचा एसपी रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट. इथे जुळवलेल्या स्वस्त संगणकांना त्यामुळे आवाज मिळाला. पण ही चिप आकड्यांचं ध्वनीत रूपांतर करण्यापलीकडे फारसं काही करत नव्हती, बाकीचं काम सॉफ्टवेअरकडे गेलं. म्हणून मदरबोर्डबरोबर एक सीडी यायची. विंडोज नव्याने टाकलं आणि ती सीडी सापडली नाही, की संगणक मुका. अनेक घरांत ही सीडी कपाटात कागदपत्रांबरोबर जपून ठेवलेली असे, ती याचसाठी.

यानंतरचा बदल मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आवाजाला एकापेक्षा जास्त वाटा फुटल्या. आतला स्पीकर, हेडफोन, एचडीएमआयची केबल, ब्लूटूथ. २००७मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने तर प्रत्येक प्रोग्रॅमला आवाजाची वेगळी पट्टी दिली. आता शांततेचा अर्थच बदलला. आवाज असतो, पण तो दुसरीकडे गेलेला असतो. बॅगेतल्या इअरफोनकडे, बंद टीव्हीकडे. २००६नंतरच्या अनेक मॅकबुकमध्ये हेडफोनच्याच भोकातून प्रकाशानेही ध्वनी पाठवायची सोय होती. आतली बारीक कळ अडकली की भोकात लाल दिवा दिसायचा आणि स्पीकर गप्प व्हायचे. संगणक आपल्या परीने बोलत असायचा, फक्त प्रकाशात.

आणि आज? आजचे लॅपटॉपचे स्पीकर इतके लहान आहेत की त्यांच्यातून मोठा आवाज काढताना आतली तार किती तापली याचा हिशेब सॉफ्टवेअरला ठेवावा लागतो. ॲपलच्या नव्या चिपवर लिनक्स आणणाऱ्या ‘असाही लिनक्स’ प्रकल्पाने हा हिशेब तयार होईपर्यंत स्पीकर मुद्दाम बंदच ठेवले होते, नाहीतर ते जळाले असते. म्हणजे शांतता हा कधीकधी बिघाड नसतो, ती काळजी असते.

हे सगळं कळून काय करायचं? माझ्या परिचयाचे एक अंध प्राध्यापक आहेत. ते स्क्रीन रीडरवर काम करतात. एनव्हीडीए हा असा मोफत स्क्रीन रीडर २००६मध्ये ऑस्ट्रेलियात मायकल करन यांनी सुरू केला. ते स्वतः अंध आहेत. अशा माणसाचा स्पीकर बंद पडणं म्हणजे आपला पडदा काळा होणं. आणि दुरुस्ती करायची तर तीही ऐकूनच करायची. प्राध्यापकांना एका दुकानात सांगितलं, स्पीकर बदला, लॅपटॉप ठेवून जा. त्यांनी आधी यूएसबीचा हेडफोन लावला. यूएसबी हेडफोनमध्ये ध्वनीची चिप त्याची स्वतःची असते, त्यामुळे लॅपटॉपची वाट तो टाळतो. लॅपटॉप लगेच बोलला. यादी ऐकली तर कळलं, भोकात काहीच नसताना लॅपटॉप समजत होता की हेडफोन लावलेला आहे. साधी पिन चार वेळा आतबाहेर केली, कळ सुटली आणि स्पीकर सुरू झाले.

म्हणून शोध घेताना इतिहास उलटा वाचा. आधी आजचं बघा: म्यूट आहे का, आवाज कुठल्या उपकरणाकडे जातोय, त्या प्रोग्रॅमची पट्टी खाली आहे का. मग हेडफोनचं भोक आणि त्यातला कचरा. मग ड्रायव्हर. तोही ठीक वाटला, तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून बघा. तिथे आवाज आला तर स्पीकर निर्दोष आहे. काही लॅपटॉपमध्ये विंडोज सुरू होण्याआधीच स्वतःची तपासणी करता येते आणि तेव्हा आवाज वाजवून बघता येतो. ती या जुन्या बीपचीच नात आहे. तिथेही सगळं गप्प असेल, तरच १९८१मध्ये या आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या.

पुढच्या भागात आपण कीबोर्डकडे वळू.