न दिलेल्या हुकुमाची गोष्ट

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्यांना 'पेट' हा शब्द वेगळा सांगायला नको. मंत्र म्हणून बोलावलेला किंवा रानातून पकडून माणसाळवलेला प्राणी, जो आपल्या बाजूने लढतो. त्याला "हल्ला कर" सांगणं सोपं आहे हो! अवघड प्रश्न दुसराच: काहीच सांगितलं नाही, तर त्याने काय करायचं? माझं पोट कोड लिहिण्यावर चालतं, त्यामुळे हा प्रश्न मला फार ओळखीचा वाटतो. गेल्या तीसेक वर्षांत त्याची उत्तरं कशी बदलत गेली, ते बघण्यासारखं आहे.

१९९१ साली कोपनहेगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी 'डिकूमड' हा गेम खुला केला. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. 'ऑर्डर' लिहायचं, पुढे सोबत्याचं नाव आणि काम. आतली गंमत अशी की प्रोग्राम ते काम, जणू त्या सोबत्यानेच टाइप केलंय असं समजून चालवायचा. थोडक्यात, कळसूत्री बाहुली. दोरी हलली नाही तर बाहुली जवळजवळ गप्प.

१९९७ च्या 'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये हुकूम बोलून द्यायचा. "ऑल फॉलो मी" टाइप केलं की ते शब्द तुमच्या डोक्यावर उमटायचे, आजूबाजूच्यांनाही दिसायचे. मालकाचा ड्रॅगन निमूट मागे चालू लागायचा. पण खाऊ घालायला विसरलात की निष्ठा उतरत जायची आणि एक दिवस जनावर पुन्हा रानटी व्हायचं.

१९९९ च्या 'एव्हरक्वेस्ट'ने वेगळाच धडा दिला. त्यात २००१ साली 'बीस्टलॉर्ड' आला, मंत्राने वाघ किंवा लांडगा बोलावणारा. मालक कड्यावरून खाली उडी मारायचा. प्राणी मात्र "मागे ये" हा हुकूम इमानाने पाळत लांबच्या वाटेने यायचा, आणि येताना वाटेतल्या राक्षसांची वरात घेऊन यायचा! मग काय, सगळ्या टोळीची पळापळ. म्हणून उडीआधी जाणकार लोक सांगायचे, "बाबा रे, आधी तुझं जनावर घालव." हुकूम शब्दशः पाळला गेला, घोळ त्यातूनच झाला.

२००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला आणि न दिलेल्या हुकुमालाच बटण मिळालं. तीन पवित्रे: आक्रमक, म्हणजे दिसेल त्या शत्रूवर धाव, बचावात्मक, म्हणजे कुणी अंगावर आलं तरच, आणि निष्क्रिय, म्हणजे सांगेपर्यंत ढिम्म. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वात हुशार कल्पना. प्रत्येक काम सांगण्याऐवजी स्वभाव ठरवून द्यायचा.

याच गेममध्ये शिकाऱ्याला आपल्या जनावराला खाऊही घालावं लागे. मांजरकुळीला मांस-मासे चालत, अस्वल बहुतेक काहीही खाई. खूश जनावर सव्वापट जोरात लढायचं, नाखूश पाऊणपट. सतत हेळसांड झाली तर चक्क सोडून जायचं.

लोकांना हा ताप वाटला. २००८ मध्ये निष्ठेचा हिशोब गेला, २०११ मध्ये खुशीचाही. त्याच वर्षी 'आक्रमक' पवित्र्याच्या जागी 'साहाय्य' आलं: मालक ज्याला मारेल, त्यालाच जनावर मारणार. नियंत्रण अगदी चोख झालं.

इंजिनियर म्हणून मला हे पटतं. ज्याला रोज सांभाळावं लागत नाही ती सिस्टिम चांगली, हे आम्ही नोकरीत पहिल्या वर्षीच शिकतो. पण जे जनावर कधीच सोडून जाऊ शकत नाही, त्याच्या राहण्याला कितीसा अर्थ उरतो? अल्टिमातला ड्रॅगन दुसऱ्या दिवशीही मागे उभा दिसायचा, कारण कुणीतरी त्याला आठवणीने खाऊ घातलेलं असायचं. आताचा वाघ उभा असतो, कारण जाण्याची सोयच कोडमधून काढून टाकली आहे.

हुकूम ऐकणारी वस्तू आपण उत्तम बनवली. सोबती मात्र त्या काढून टाकलेल्या ओळींमध्ये राहून गेला.