वेगवान नव्हे, वक्तशीर

सीएनसी यंत्र चालवायला लिनक्सचा संगणक कोणता घ्यावा, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: प्रोसेसर नवा घ्या, कोअर जास्त घ्या, रॅम भरपूर टाका. जुन्या मिलिंग मशीनला नवा कंट्रोल बसवू पाहणारा भोसरीचा किंवा शिरोलीचा छोटा कारखानदार हे मुकाट्याने मानतो आणि पैसे नेमक्या नको त्या जागी घालतो. हे मत चुकीचं आहे. मात्र आधी पूर्वपक्ष नीट ऐकून घेऊ.

तो असा: स्टेपर मोटरला सेकंदाला हजारो पल्स द्याव्या लागतात. एकाच वेळी तीन-चार अक्षांचं गणित चालू असतं. कमकुवत संगणक या कामात मागे पडेल आणि जॉब वाया जाईल. शिवाय लाखो ओळींचा जी-कोड पडद्यावर दाखवायला आणि कॅम सॉफ्टवेअरमध्ये टूलपाथ काढायला वेग लागतोच. यातलं शेवटचं वाक्य मला संपूर्ण मान्य आहे. पण टूलपाथ काढणं वेगळं आणि यंत्र चालवणं वेगळं. टूलपाथ दुसऱ्या संगणकावर, आदल्या दिवशीही काढता येतो. आपला वाद यंत्र चालवण्यापुरता आहे.

आता हिशोब करू. लिनक्सवर यंत्र चालवणाऱ्या लिनक्ससीएनसी या सॉफ्टवेअरचा उगम अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेतल्या ईएमसी प्रकल्पात, 1990च्या दशकातल्या संगणकांवर झाला. त्यात पॅरलल पोर्टवरून पल्स काढणारा ‘बेस थ्रेड’ साधारण 25 मायक्रोसेकंदांनी एकदा फिरतो. 1.8 गिगाहर्ट्झचा साधा अ‍ॅटम प्रोसेसरसुद्धा तेवढ्यात 45,000 आवर्तनं करतो. दोन-चार पिना वर-खाली करायला 45,000 आवर्तनं अपुरी पडतात, असं कोण म्हणेल? म्हणूनच इंटेलचे अ‍ॅटमवाले डी510 आणि डी525 बोर्ड या कामासाठी एके काळी शोधून शोधून घेतले जात. ताकद कमी पडत नाही.

मग कमी काय पडतं? वक्तशीरपणा. थ्रेडला ठरल्या क्षणापासून जास्तीत जास्त किती उशीर होतो, तोच आकडा निर्णायक. सरासरी इथे निरुपयोगी. हात कितीही वेगाने चालणारा तबलजी समेवर चुकला, तर त्याच्या तयारीचं कौतुक कोण करणार?

उशिराची किंमत थेट फीडमध्ये मोजता येते. 5 मिलिमीटर पिचचा स्क्रू, 200 स्टेपची मोटर आणि 10 मायक्रोस्टेप धरा: एका मिलिमीटरला 400 पल्स झाल्या. साध्या मांडणीत पल्स चढवायला एक फेरा लागतो, उतरवायला दुसरा. 25 मायक्रोसेकंदांच्या फेऱ्याने सेकंदाला 20,000 पल्स मिळतात, म्हणजे मिनिटाला 3,000 मिलिमीटर. उशिरामुळे फेरा 100 मायक्रोसेकंदांवर न्यावा लागला, तर उरतात 750. प्रोसेसर तिप्पट महाग आणि यंत्र चौपट मंद! फेरा न वाढवता रेटलं, तर पल्समधलं अंतर बिघडतं, मोटर स्टेप गमावते आणि एनकोडर नसलेल्या यंत्राला त्याचा पत्ताही लागत नाही. जॉब मापात नाही, हे मायक्रोमीटर सांगतो.

नवा संगणक उशीर का करतो? कारण तो वीज वाचवतो. काम नसलं की कोअर झोपवतो (या झोपेच्या पातळ्या म्हणजे सी-स्टेट), वेग कमी-जास्त करतो. याहून वाईट म्हणजे सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट. बायोस मधेच प्रोसेसर आपल्या ताब्यात घेतो आणि ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतही नाही. लॅपटॉप या बाबतीत बदनाम आहेत. प्रोसेसर तोच, पण मदरबोर्ड बदलला की निकाल बदलतो. मग प्रोसेसरचं नाव पाहून खरेदी करण्यात काय अर्थ उरला?

यावर प्रतिवाद येतो: 2024 साली वक्तशीरपणासाठीचा प्रीएम्प्ट-आरटी हा पर्याय मूळ लिनक्स कर्नलमध्ये आला, आता कोणताही लिनक्स चालेल. नाही चालणार. तो पर्याय चालू करून बांधलेला कर्नल लागतो आणि बायोसच्या मनमानीवर कर्नलचाही इलाज नाही.

दुसरा प्रतिवाद अधिक सशक्त आहे: मेसा कंपनीच्या कार्डासारखं एफपीजीए कार्ड लावा, पल्स तेच काढेल. खरं आहे. पॅरलल पोर्ट नसेल, तर हाच मार्ग योग्य. यूएसबीचा अ‍ॅडाप्टर इथे चालत नाही. पण अक्षांच्या हालचालीचं गणित करणारा ‘सर्वो थ्रेड’ तरीही संगणकावरच मिलिसेकंदाला एकदा फिरतो आणि इथरनेट कार्ड असेल, तर तेवढ्यातच पॅकेट जाऊन परत यावं लागतं. मुदत सैल झाली, रद्द झाली नाही.

‘मग भंगारातला कुठलाही पीसी चालेल’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. जुनेपणा हाही पुरावा नव्हे. पुरावा एकच: हा उशीर मोजणारी लेटन्सी टेस्ट. लिनक्ससीएनसी पेन ड्राइव्हवरून सुरू करा, टेस्ट लावा आणि संगणकाला छळा: मोठ्या फाइल कॉपी करा, व्हिडिओ चालवा, खिडक्या ओढा. कमाल उशीर 20 मायक्रोसेकंदांच्या आत असेल, तर पॅरलल पोर्टवरही उत्तम. 30 ते 50 असेल, तर काम चालेल, फीड थोडा कमी मिळेल. 100 च्या पुढे कार्ड घ्या. मिलिसेकंदापलीकडे गेला, तर तो संगणक या कामाचा नाही. मात्र नाकारण्याआधी बायोसमध्ये सी-स्टेट, टर्बो, हायपरथ्रेडिंग बंद करा, कर्नलच्या ‘आयसोलसीपीयूज’ या पर्यायाने एक कोअर राखून ठेवा आणि पुन्हा मोजा.

दोन्ही बाजू वाचकांपुढे आहेत. एका बाजूला जाहिरातीतले गिगाहर्ट्झ, दुसऱ्या बाजूला कुणालाही स्वतः मोजता येणारा आकडा. दुकानदाराला सांगा: आधी टेस्ट, मग बिल.