पोतं देणारं झाड

न्हावऱ्याला साखर कारखाना आहे, त्यामुळे पोतं म्हणजे काय हे इथं कुणाला सांगायला नको. पण न विणलेलं, न शिवलेलं पोतं? सह्याद्रीत ते थेट झाडापासून निघायचं. आज त्या झाडाबद्दल बोलू.

त्याचं नाव चांदकुडा. कुठं चांदल, कुठं करवतही म्हणतात. आपल्या शिरूर-दौंडच्या कमी पावसाच्या पट्ट्यात ते वाढत नाही. आपली घोड आणि भीमा ज्या सह्याद्रीतून येतात, त्याच्या दमट रानांत आणि कोकणातल्या देवरायांत ते सापडतं. वड-फणसाच्या कुळातलं झाड, त्यामुळे खरचटलं की पांढरा चीक येतो. खोड सरळसोट, बुंध्याशी फळ्या लावाव्यात तशी आधारमुळं, उंची ४० मीटरपर्यंत जाते. फळ मखमली, लालसर जांभळं.

आता पोतं कसं करायचे? हवा तेवढा ओंडका तोडायचा, भिजवायचा आणि चौफेर ठोकायचा. साल सुटली की पायमोजा उलटा करून काढावा तशी ती ओढायची. एका टोकाला लाकडाची चकती तशीच ठेवायची, तेच पोत्याचं बूड.

मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची जॉन ग्रॅहम यांची यादी १८३९ साली छापून आली. ग्रॅहम त्याच वर्षी वारले, उरलेलं काम जोसेफ निम्मो यांनी पुरं केलं. त्या यादीत निम्मोंनी या झाडाला नाव दिलं 'लेप्युरँड्रा सॅकिडोरा'. सॅकिडोरा म्हणजे पोतं देणारं. शब्द लॅटिन, पण माहिती रानातल्या माणसांची.

मग हे नाव गेलं कुठं? १७८३ साली लंडनच्या एका मासिकात फोर्श नावाच्या माणसाची गोष्ट छापली गेली: जावा बेटावर एक विषारी झाड आहे, त्याच्याभोवती कित्येक मैल काही जगत नाही, त्याचं विष आणायला कैदी पाठवतात. गोष्ट थापेची होती, पण युरोपभर गाजली. चीक मात्र खरंच विषारी. तो रक्तात भिनला तर हृदय बंद पडतं, म्हणून तिकडे तो बाणांना लावत. १८१० साली फ्रेंच वनस्पतीतज्ज्ञ लेशेनो यांनी जावातल्या झाडाला 'अँटिॲरिस टॉक्सिकारिया' म्हटलं. पुढं लक्षात आलं की जावातलं आणि आपल्याकडचं झाड एकच. नियमाप्रमाणे आधीचं नाव टिकलं. विषाचं नाव राहिलं, पोत्याचं मागं पडलं.

यात निम्मोंवर कुणी अन्याय केला असं नाही. पण नुसत्या शास्त्रीय नावावरून इतिहास वाचला, तर जावातला बाण दिसतो आणि आपल्याकडचा ओंडका ठोकणारा माणूस दिसत नाही.

त्या माणसाचं कौतुक करताना हेही सांगायला हवं, की प्रत्येक पोत्यामागे खोड नाहीतर जाड फांदी जायची. जिथं देवाच्या नावानं कुऱ्हाड बंद होती, तिथं ही झाडं वाढून उंच झाली. म्हणून घाटातल्या म्हाताऱ्या माणसांकडे गेलात, तर दोन्ही गोष्टी विचारा: झाड वापरायचे कसे, आणि राखायचे कसे. आणि ऐकलेलं लिहून ठेवा.

आता प्रश्न घेऊ.