हुकलेल्या खेळीचा इतिहास

गेल्या वर्षी सहामाहीच्या तोंडावर आठवीतल्या एका मुलाकडून मी मोबाईल काढून घेतला. संध्याकाळी तो परत न्यायला आला. माफी मागून झाली, तरी चेहरा पडलेलाच. खोदून विचारले तेव्हा म्हणाला, "सर, हरलो असतो तर चाललं असतं. पण त्यानं माझा शेवटचा गडी गोठवला, आणि मग मला खेळूच दिलं नाही."

तीस वर्षे इतिहास शिकवणाऱ्या माणसाला हे वाक्य सहजासहजी सोडवेना. हरणे वेगळे आणि खेळीच न मिळणे वेगळे, हा भेद त्या पोराने बरोबर पकडला होता. म्हणून मी त्या खेळाच्या मागे लागलो. वाचकांपैकी काहींना मुख्याध्यापकाचा हा उद्योग पोरकट वाटेल. वाटो.

खेळाचे नाव पोकेमॉन. त्याचे पहिले दोन भाग, 'रेड' आणि 'ग्रीन', २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये निन्टेन्डोच्या 'गेम बॉय' या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी निघाले. कर्ते सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे पकडून जमवण्याचा नाद होता. त्यातूनच प्राणी पकडावेत, पाळावेत आणि दोन यंत्रे तारेने जोडून मित्राच्या प्राण्यांशी झुंजवावेत, ही कल्पना निघाली. झुंज खेळी-खेळीने चालते. दोघांनी आपापला हुकूम गुपचूप द्यायचा; ज्याचा प्राणी चपळ, त्याचा वार सहसा आधी. तेव्हा या खेळातले खरे धन म्हणजे खेळी.

आणि ते धन लुटणाऱ्या असतात त्या बाधा. ही कल्पना काही ताजिरींची नव्हे. अमेरिकेत १९७४ साली निघालेल्या, कागद आणि फाशांवर खेळायच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये विष आणि लकवा होताच. १९८१च्या 'विझर्ड्री'ने त्या संगणकावर आणल्या, आणि १९८६ पासूनच्या 'ड्रॅगन क्वेस्ट' मालिकेने या जातीचा खेळ जपानी घराघरांत नेला.

पोकेमॉनने पाच मुख्य बाधा घेतल्या: विष, भाजणे, लकवा, झोप आणि गोठणे. एका प्राण्याला यांतली एका वेळी एकच. विषबाधा झालेल्याला लकवा मारता येत नाही. म्हणजे लहान दुखणे मोठ्या दुखण्याची वाट अडवून बसते. पण पाची बाधा एका माळेचे मणी नव्हेत. विष आणि भाजणे प्राण खातात. पहिल्या खेळात साध्या विषाने दर खेळीला सोळावा हिस्सा जाई. भाजल्यावरही तेवढाच, शिवाय अंगमेहनतीच्या वाराचे बळ निम्मे. जहाल विषाचा हिशेब चढत्या व्याजाचा: आधी एक सोळांश, मग दोन, मग तीन, उपचार न झाला तर धडधाकट गडीसुद्धा सहाव्या वेळी आडवा. तरीही यांत तुमची खेळी तुमच्याच हाती राहते. झोप आणि गोठणे मात्र खेळीच खातात. लकवा मधला: चपळाई पाव उरते आणि चारांत एकदा हातपाय हलत नाहीत.

१९९६चे गोठणे तर जन्मठेपच होती. झोपलेला जास्तीत जास्त सात खेळ्यांत जागा होई (जागे होण्यातही ती खेळी वायाच). गोठलेला आपणहून कधीच सुटत नसे. औषध द्यावे, किंवा समोरच्याने आगीचा वार करून त्याला वितळवावे. आणि इतका परोपकारी शत्रू कुठला? मित्राशी झुंजताना तर पिशवीतले औषध काढायचीही सोय नव्हती. त्यामुळे 'पोकेमॉन स्टेडियम' या खेळात नियमच घालावा लागला, की प्रतिपक्षाचा एकाहून अधिक गडी झोपवता किंवा गोठवता येणार नाही. कायदा करावा लागला याचा अर्थ अन्याय लोकांच्या लक्षात आला होता, असाच मी घेतो.

पुढचा इतिहास या सजा कमी होत जाण्याचा आहे. १९९९च्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर'मध्ये गोठलेला दर खेळीला सुमारे दहा टक्के संभवाने सुटू लागला. २००२ पासून वीस टक्के. झोप आखडत एक ते तीन खेळ्यांवर आली. २०१३ साली विजेच्या जातीच्या प्राण्यांना लकव्यातून माफी मिळाली. २०१६ साली लकव्याने चपळाई पावऐवजी निम्मी राहू लागली. रानातून चालताना विषबाधित प्राण्याचा दर चार पावलांना एक अंक जात असे, तेही २०१० साली थांबले.

मला सर्वांत मौज वाटली ती निराळ्याच वळणाची. २००२ साली प्राण्यांना अंगभूत गुण मिळाले, आणि त्यांतल्या एकामुळे बाधा झाली की प्राण्याचे बळ उलट दीडपट होऊ लागले! २००६ साली 'ब्रेलूम' नावाच्या अळंबीसारख्या प्राण्याला असा गुण मिळाला की विष त्याला खाण्याऐवजी भरून काढते, दर खेळीला आठवा हिस्सा. मग खेळाडू आपल्याच गड्याच्या हाती विषाचा गोळा देऊ लागले. विषकन्येच्या कथा ऐकलेल्या आपल्या लोकांना यात फारसे नवल वाटू नये.

जानेवारी २०२२च्या 'लेजेंड्स: आर्सेउस'मध्ये कर्त्यांनी गोठणे काढूनच टाकले आणि त्याजागी हिमदंश आणला: प्राण झिजतो, विशेष वारांचे बळ निम्मे होते, पण खेळी शाबूत. झोपेऐवजी नुसती गुंगी. माझ्या मते सव्वीस वर्षांतली ही सर्वांत न्याय्य सुधारणा. परंतु त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेल्या 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट'मध्ये गोठणे आणि झोप दोन्ही परतली. हे मला रुचले नाही.

हे सारे मी त्या मुलाला सांगितले. तो जुनाच, १९९६च्या नियमांचा खेळ खेळत होता, म्हणून त्याचा गडी सुटला नव्हता. नव्यात हिमदंश असलेला भाग आहे, तो घे, असे मी सुचवले. त्याने थोडा विचार केला.

"पण सर, मग समोरच्याला मी गोठवणार कसा?"